गोड्या विहिरीचं पाणी

पाण्याचा एक घोट घेऊन तुम्ही सांगू शकता का, की ते दोन महिन्यांच्या लेकराला पाजण्यासारखं आहे की नाही? हो म्हणायची घाई करू नका. आमच्या सगळ्या गावानं हो म्हटलं होतं.

आमचं गाव अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या खारपाणपट्ट्यात आहे. इथे बोअर मारली की खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि त्या पाण्याचा चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा कप पुढे करत नाही. नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी तेवढाही नाही. अशा गावात माणसाची जीभ फार तयार होते. माझी आई पाणी तोंडात धरून सांगायची, हे कोणत्या बोअरचं आहे ते. खारं म्हणजे वाईट आणि गोड म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला पाण्याबद्दल कळत होतं आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

गोडं पाणी गावात एकाच विहिरीला. ती नाल्याच्या काठी, उताराच्या तळाशी आहे. वरच्या अंगाला काळी शेतं, कपाशी आणि तुरीची. या विहिरीत बादली टाकायची माझ्या आजोबांना मनाई होती. आमच्या वस्तीतल्या बाया खालच्या दगडावर घागरी मांडून बसायच्या. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाही तर रिकामी घागर परत. आमच्या माणसांनी बौद्ध धम्म घेतला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आजोबा आणि आणखी काही जण स्वतःचा दोर, स्वतःची बादली घेऊन विहिरीवर चढले. डोकी फुटली. पाणी मात्र काढलं.

बाबा ही हकीकत दरवर्षी एका पत्रकात छापतात. बाबा तीन एकर शेती करतात आणि पत्रकं लिहितात. या दोहोंपैकी कशावर घर चालतं हे आईला विचारू नये. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पहिलीच्या पुस्तकात पाखरं होती, पत्रकांत मागण्या होत्या. मला मागण्या जास्त खऱ्या वाटायच्या.

अमरावतीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं. त्या खरिपात युरिया मिळत नव्हता. कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांग, आणि नंबर लागला की दुकानदार थैलीसोबत नको असलेल्या औषधाची बाटली गळ्यात मारायचा. बाटली घ्या, नाही तर थैलीही नाही. माझ्या पत्रकाचा मथळा होता, ‘युरिया द्या, बाटली नको!’ ते मी अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत छापून घेतलं. तिथल्या छापखान्याचे मालक बाबांचे जुने स्नेही. मी त्यांना चाचा म्हणते. मथळा पाहून ते म्हणाले, “बाप का टाइप छोटा पडता था, बेटी का और बड़ा लगेगा.”

त्याच दिवसांत अमरावतीच्या एका सभागृहात खतांच्या अनुदानावर परिसंवाद होता. एक विद्वान वक्ते सांगत होते की स्वस्त युरियानं शेतकरी बेफिकीर झाला आहे, जमीन आणि पाणी नासलं आहे, अनुदान बंद केल्याशिवाय तो सुधारणार नाही. त्यांच्यासमोर टेबलावर सीलबंद पाण्याची बाटली होती. माझं डोकं तापलं. मी उठून उभी राहिले.

“सर, आमच्याकडे बैल नाही, गाय नाही, शेण नाही. तीन एकरांत काय टाकू? तुमचं भाषण?”

सभागृहात टाळ्या पडल्या. ते गृहस्थ चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमच्या विहिरीचं पाणी कधी तपासलंय?”

“आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे,” मी म्हणाले. “बाटली सोडून एकदा प्यायला या.”

आणखी टाळ्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, आणि प्रत्येक वेळी मान खाली जाते.

त्याच पावसाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पंधरा दिवसांनी तिला ताप भरला, दूध आटलं, आणि लेकरू पावडरच्या दुधावर आलं. नळाचं पाणी टाकीत साचलेलं असतं, बोअरचं खारं. म्हणून बाबा रोज सकाळी सायकलला दोन कॅन बांधून गोड्या विहिरीवर जायचे. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. “माया बापानं काढेल पाणी हाय,” ते म्हणायचे, “नातवाले मीच आणीन.” आई ते फडक्यातून गाळायची आणि चुलीवर वीस मिनिटं उकळायची. घरातल्या घड्याळाचा त्या महिन्यांत तेवढाच उपयोग होता.

लेकरू दोन महिन्यांचं झालं आणि त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. आईला वाटलं, थंडी वाजत असेल. तिनं आणखी एक दुपटं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी नखं निळी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते रडायचं थांबलं, आणि आम्ही त्याला अकोल्याला दवाखान्यात नेलं.

तिथे रक्त काढलं. सिरिंजमधलं रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. ताईनं ते पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे न पाहता मला विचारलं, “दूध पावडरचं?”

“हो.”

“पाणी कुठलं?”

“विहिरीचं. पण गोड्या विहिरीचं, आणि वीस मिनिटं उकळलेलं.” मी हे अभिमानानं सांगितलं.

“विहिरीच्या आसपास शेती आहे?”

“आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. उलट घट्ट होतं. मोठ्यांना कळतही नाही. एवढ्या लेकराच्या रक्ताला मात्र त्यामुळे ऑक्सिजन धरता येत नाही.”

बाबा मागे उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

भाचा वाचला. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, ओठ गुलाबी झाले, चौथ्या दिवशी घरी सोडलं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात सुटका झाल्यासारखं काही नाही.

मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. कागद आला. खारेपणाच्या रकान्यात सगळं ठीक होतं. आमच्या जिभेनं जेवढं ओळखलं होतं तेवढं बरोबरच होतं. नायट्रेटच्या रकान्यातला आकडा मर्यादेच्या पुष्कळ वर होता, आणि खाली शिक्का, पिण्यास अयोग्य. शेतातल्या युरियाचं मातीत नायट्रेट होतं, ते पाण्याबरोबर विहिरीत उतरतं आणि त्याला चव नसते, हे आम्हाला कोणत्याच पत्रकानं सांगितलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

मी तो कागद घेऊन ग्रामसभेत गेले. मागणी साधी होती. लहान लेकरांच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये असा ठराव करा, आणि त्या घरांसाठी दुसरं पाणी मागा. सरपंचबाईंनी कागद उलटसुलट करून सचिवांकडे दिला. मागून एक जण म्हणाला, “बरं झालं न बाप्पा! पाण्यातच युरिया हाय, तं कपाशीले येगळा कायले टाका? मोटर चालू करा अन् पडा खाटीवर.”

सगळे हसले. मग विहिरीच्या वरच्या शेताचे मालक उठले. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते.

“हे पाय पोरी, मी युरिया टाकतो. तुया बापही टाकते. मांगं तूच कागद वाटत होती न, युरिया द्या म्हणून? आता तोच वंगाळ झाला काय? अन् या कागदावर लिवलं हाय काय, का हे मायाच वावरातून आलं? संडासाचे खड्डे हायेत, उकिरडे हायेत. त्याईले काहून नाई इचारत?”

“नाई लिवलं, काका,” मी म्हणाले. “तुमचं बरोबर हाय. माया भाच्याले निळं करणारं ते कोनाच्या वावरातलं होतं, मले नाई माहीत. ते पाण्यात हाय एवढं माहीत हाय. लेकरू वाचवाले तेवढं पुरते.”

तेव्हा खिडकीकडून आवाज आला, “पयले म्हने आमाले इहिरीवर चढू द्या. चढले, तं आता म्हने कोनीच चढू नका.”

या वेळी कोणी हसलं नाही. बाबा दाराजवळ बसले होते. त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. सचिवांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, विषय पुढील सभेत घ्यावा.

पुढची सभा लांब होती. मी डबाभर लाल रंग आणला आणि विहिरीच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लेकरांच्या दुधासाठी हे पाणी घेऊ नये.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर कोणीतरी ते घासून काढत होतं. जवळ गेल्यावर कळलं, बाबा होते. हातात तारेचा ब्रश, शेजारी रॉकेलची बाटली.

“बाबा, हे काय करून राहिले तुमी?”

त्यांनी मान वर केली नाही. “या इहिरीवर ‘घेऊ नये’ असं माया घरचं माणूस लिवन काय? याच कठड्यावर माया बापाचं डोकं फुटलं होतं.”

“अन् तुमचा नातू?”

“नातवाले मी इसरलो नाई.” ते घासत राहिले. लाल रंग त्यांच्या बोटांवर उतरला होता. मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, “मी सांगतो. घरोघर जातो, एकेकीले सांगतो. पन इथं लिवू नको, माय. हात जोडतो.”

आयुष्यभर प्रत्येक गोष्ट लिहून वाटणारा माणूस तेव्हापासून तोंडी सांगत फिरतो. कोणाकडे लेक बाळंतपणाला येणार आहे याची चौकशी करतो, अंगणात बसतो, दिलेला चहा घेतो आणि सांगतो. काही घरं ऐकतात. काही घरांत म्हणतात, तुमच्या नातवाले दमा असन. वरच्या शेताच्या काकांनी तर दारातूनच परत पाठवलं. त्यांची मुलगी दिवाळीनंतर पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. “मायी पोट्टी याच पाण्यावर वाढली,” ते म्हणाले, “तुमी नका शिकवू.”

मी काकांना शत्रू मानत नाही. पूर्वी मानलं असतं. त्यांच्याकडे एकच बैलजोडी उरली आहे, तीही म्हातारी. स्वस्त एकच खत आहे, बाकीची परवडत नाहीत, म्हणून ते युरियाच टाकतात, दुप्पट टाकतात, आणि कपाशी हिरवीगार दिसली की त्यांना रात्री झोप लागते. आमचंही तेच. अनुदान काढून घेतलं तर आम्ही दोघंही मरू. आहे तसं चालू ठेवलं तर विहीर मरते, आणि विहिरीच्या आधी पाळण्यातलं लेकरू. सभागृहातले लोक म्हणतात बंद करा, आम्ही म्हणतो चालू ठेवा. इतकी वर्षं एवढंच चाललं आहे. हे अनुदान फक्त थैलीला का बांधलं आहे, शेणखताला का नाही, माती आणि पाणी तपासायला का नाही, हे ना त्यांनी विचारलं ना मी. मी तर टाळ्या घेऊन खाली बसले होते.

मध्ये ताई एक दिवस आली. एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या एका हातावर मुलगा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. आईनं सवयीनं तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. ताईनं तांब्या हळूच बाजूला सारला आणि आपल्या कॅनमधलं पाणी प्यायली. आमच्या घरचं पाणी न घेणारी माणसं आईनं आयुष्यभर पाहिली होती. त्यांत आता तिची लेक होती. तांब्या उचलून आईनं लख्ख पुसला आणि फळीवर ठेवला.

मी नवं पत्रक लिहून पुन्हा जुन्या शहरात गेले. चाचांनी चष्मा वर करून मजकूर वाचला. “पिछली बार यूरिया दो, अब की बार यूरिया से बचो. लोग हँसेंगे, बेटी.”

“हँसने दो, चाचा.”

त्यांनी कपाटातून जुनं पत्रक शोधून काढलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं. “तो एक ही कागज पे दोनों छापता हूँ. आगे ये, पीछे वो. झूठ तो दोनों में नहीं है.”

तसंच छापलं. एका बाजूला युरियाची जुनी मागणी, दुसऱ्या बाजूला नवा मजकूर आणि त्याखाली विहिरीच्या पाण्याचा तपासणीचा कागद, जसाच्या तसा. बाबांनी ते पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं. लोकांत वाटलं मात्र नाही.

ते पत्रक आता तुमच्या हातात आहे असं समजा. दिवाळी जवळ आली आहे. काकांची मुलगी येईल, तिची आई चूल पेटवून गोड्या विहिरीचं पाणी वीस मिनिटं उकळेल, आमच्या आईसारखंच मन लावून. तुमच्या गावातही कोणाची तरी लेक येणार असेल. ती यायच्या आत एक स्वच्छ बाटली घ्या. जे पाणी तुम्ही सगळ्यांत चांगलं मानता, त्या पाण्यानं ती भरा आणि तपासायला द्या. कागद आला की तो ग्रामसभेत उभं राहून मोठ्यानं वाचा, आकड्यासकट. लोक हसले तरी वाचा. आणि सचिवानं तो रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय खाली बसू नका.