तळाला घातलेलं नाव

लग्नात आलेल्या जादा कुकरांचं काय करायचं, असा प्रश्न सांगलीत कुणाला पडला की ओळखीच्या बायका हळूच एकच नाव सांगायच्या: मंगल. हल्ली एकेका लग्नात चार-चार कुकर येतात, भिंतीवरच्या घड्याळांचं तर विचारूच नका. सगळं माळ्यावर धूळ खात पडतं, आणि नव्या नवरीला गरज असते भलत्याच गोष्टीची. मंगल असा बंद खोक्यातला चांगल्या कंपनीचा माल रास्त भावानं घ्यायची आणि सून स्वप्नालीच्या मदतीनं मोबाइलवरच्या बाजारात विकायची. स्वप्नाली फोटो काढायची, मंगल खोकी बांधायची. खोकं असं आवळून बांधायची की उघडताना गिऱ्हाईक शिव्या देत असणार.

धंदा छोटा, पण जोखमीचा. जोखीम पैशाची नव्हे, अब्रूची. आत्यानं दिलेला मिक्सर विकला हे आत्याला कळलं तर जन्माचं वैर. म्हणून कुणाचा आहेर कुठं गेला, हे मंगलच्या पोटातून कधी बाहेर आलं नाही. एरवी बाई बोलकी. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी अर्धा तास भांडेल आणि शेवटी तिच्याच पोरांची चौकशी करून येईल. आहेराचा विषय निघाला की मात्र तोंडाला कुलूप.

तिचा एक नियम होता. नाव घातलेलं भांडं घ्यायचं नाही. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत, आणि असं भांडं जिथं जाईल तिथं चुगली करतं. गंमत म्हणजे ती नावं घालणारा माणूस तिच्याच घरात होता. नवरा नानासो भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसायचा. ‘‘तुमी नावं घालून माझा धंदा बुडवताय,’’ असं ती रोज म्हणायची आणि तो रोज हसायचा.

एके दिवशी साक्षी नावाची जतकडची नवी नवरी एक कुकर घेऊन आली. तिला पोलीस भरतीच्या क्लासला जायचं होतं आणि सासरी फी मागायची सोय नव्हती. मंगलचं माहेरही जत तालुक्यातलंच, त्यामुळं पोरीवर तिचा जीव बसला. तिनं कुकर खोक्यातून काढला, झाकण पाहिलं, आत पाहिलं, दांड्याशी पाहिलं. नाव कुठंच नव्हतं. पैसे देऊन वर पोरीला चहापोहे घातले. कुकर दूर कुठं दिल्लीकडं विकला गेला.

आणि मग मोबाइलवरूनच घाव बसला. गिऱ्हाइकानं कुकरच्या तळाचा फोटो पाठवला होता. तळावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती: चि. साक्षीस बिराप्पामामाकडून. गिऱ्हाईक बिचारं काय समजणार? त्याला वाटलं, हा कुणीतरी बनवलेला डुप्लिकेट. बाजारवाल्या कंपनीनं काही न विचारता मंगलचं दुकान बंद केलं, अडकलेले पैसे रोखले, वर दंड लावला. स्वप्नालीनं कारण वाचून दाखवलं: नकली माल विकल्याचा संशय.

दंडाचं मंगलला वाईट वाटलं, पण ‘नकली’ हा शब्द तिला झोंबला. ‘‘मी फसवलं असं म्हणतोय व्हय त्यो?’’ ती पुन:पुन्हा विचारत होती. त्या दिवशी तिनं भात करपवला आणि सगळ्यांनी तो तसाच खाल्ला.

नानासोनं फोटो डोळ्यांजवळ धरला. ‘‘अगं, ह्ये तर माझंच काम. मला चांगलं आठवतंय. म्हातारा कुकर गावाकडनंच घेऊन आलता. म्हणला, तळाला नाव घाल. म्या म्हणलं, तळाला कोण घालतंय? लय हट्टी माणूस.’’

‘‘आन् तुमी घातलंसा!’’ मंगल कडाडली. नानासोनं चपला घातल्या आणि दुकानाची वाट धरली. बायको चिडली की गप्प बसावं, एवढं शहाणपण त्यानं संसारात कमावलं होतं.

दोघी सासू-सुना वकिलाकडं गेल्या. वकील वीरधवल. त्याच्या लग्नातले दोन डिनर सेट मंगलनंच विकले होते, तेव्हा अशिलाच्या चारित्र्याची खात्री त्याला आधीपासून होती.

‘‘मावशी, खरा माल विकत घेतलेला असला की तो पुढं विकायला कायद्याची आडकाठी नाही,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त मालात बदल केला असेल तर कंपनी हरकत घेऊ शकते. नाव घातलेलं भांडं तुम्ही कोरं म्हणून विकलंत, ही चूक झाली. ती कबूल करू, गिऱ्हाइकाचे पैसे परत करू. पण चूक वेगळी आणि नकली वेगळं. नुसत्या संशयावर, तुमचं न ऐकता दंड लावला, त्याला आपण आव्हान देऊ. करारात लिहिलंय म्हणून कितीही दंड लावता येत नाही. फक्त माल खरा होता हे दाखवावं लागेल. कुकरचं बिल आणा.’’

इथंच घोडं अडलं. आहेराचं बिल कोण देतं? आणि ते मागायचं कसं? बिल होतं जतला, बिराप्पाकडं. बिल मागायला गेलं की साक्षीनं मामाचा आहेर विकला हे उघडं पडणार. मामाचा मान मोठा. पोरीचं माहेर तुटायचं.

‘‘न्हाई मागायचं,’’ मंगलनं घरी येऊन सांगून टाकलं. ‘‘माझं दुकान गेलं तरी चालंल. पोरगी माझ्यावर भरवसा ठेवून आलीया.’’  खोटा शिक्का कपाळावर घेऊन बसणं तिला किती जड जात होतं, ते घरात सगळ्यांना दिसत होतं.

स्वप्नालीला ते बघवेना. तिनं सासूला न सांगता साक्षीला फोन केला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात पटका बांधलेला एक उंच म्हातारा उभा राहिला. ‘‘मी बिराप्पा,’’ म्हणाला आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं बिल काढून मंगलच्या हातावर ठेवलं. ‘‘साक्षीनं येऊन समदं सांगितलं. रडली लय.’’

मंगल घाबरली. ‘‘दादा, पोरीवर राग धरू नगा. शिकायसाठी इकलं तिनं.’’

‘‘राग कशाचा? इकायसाठीच दिला व्हता की त्यो!’’ म्हातारा खाटेवर टेकला. ‘‘रोख दिलं असतं तर सासऱ्यानं खिशात घातलं असतं. भांडं तेवढं पोरीचं ऱ्हातं. आन् तुमचं नाव आमच्याकडं बायकांना म्हाईत हाय.’’

‘‘मग नाव कशाला घातलं?’’

‘‘मामाचा आहेर आन् बिननावाचा? मांडवात बायका भांडं उलटंपालटं करून बघत्यात. पण वर घातलं असतं तर तुमी घेतलं नसतंसा. म्हणून तळाला घातलं. तुमी तळ बघत न्हाई, असं ऐकलं व्हतं.’’

मंगलला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

जाताना बिराप्पा दारात थांबला. ‘‘एक करा. मला आधीच ठावं व्हतं, ह्ये तिला सांगू नगा. मी रागावल्यागत केलंय. न्हाईतर तिला वाटंल, मामानं दया केली. सोताच्या हिकमतीनं शिकतीया, असंच वाटू द्या.’’

बिल, वकिलाची नोटीस, कुकरवाल्या कंपनीनं क्रमांक तपासून दिलेला होकार, हे सगळं बाजारवाल्या कंपनीकडं गेल्यावर बरेच दिवस मोबाइल मुका होता. मग एका दुपारी स्वप्नाली ओरडत आली. दुकान पुन्हा उघडलं होतं, दंड मागं घेतला होता, अडकलेले पैसे सोडले होते आणि ‘नकली’ हा शब्द काढून टाकला होता. माफी मात्र मागितली नव्हती. मंगलनं तीच बातमी तीनदा वाचून घेतली आणि सगळ्या आळीला पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.

दिल्लीला गेलेला कुकर परत आला. ‘‘घासून काढतो नाव, पुन्हा इकता यील,’’ नानासो म्हणाला.

‘‘हात लावू नगा त्याला,’’ मंगल म्हणाली, आणि कुकर स्वतःच्या गॅसवर चढवला.

साक्षी क्लासवरून मंगलला भेटायला आली, तेव्हा त्यातलाच भात तिच्या ताटात पडला. ‘‘मावशी, मामा लय रागावला माझ्यावर,’’ ती खाली मान घालून म्हणाली. ‘‘पण तुमच्यासाठी बिल दिलं.’’

मंगलनं तिच्या भातावर तूप वाढलं.

‘‘व्हय गं बाई,’’ ती म्हणाली, ‘‘लय तापट माणूस हाय तुजा मामा.’’