चौगुल्यांच्या बाळासोची छाती

कळंब्याचा बाळासो चौगुले रस्त्यानं येऊ लागला की आधी त्याची छाती येई, मग तो. दोन्ही हात अंगापासून लांब, जणू बगलेत एकेक कलिंगड धरलंय. बाहत्तर साली तो कोल्हापुरात कॉलेजला होता आणि मिसरूड फुटल्यापासून त्यानं छाती खाली घेतलेली कुणी पाहिली नव्हती. आमच्याकडे छाती काढून न चालणाऱ्या पोराला भेटेल तो विचारतो, "काय रं, कावीळ झालती काय?"

कॉलेजच्या व्यायामशाळेत एक लोखंडी बार होता, थोडी वजनं होती आणि नृसिंह सर नावाचे व्यायामशिक्षक होते. तिन्हींत सरच हलके वाटत. बाळासो बाकावर उताणा पडून बार छातीवरून वर ढकलायचा. दुसरं काही करायचा नाही.

"चौगुले, बैठका?"

"पाय कोण बघतंय, सर? ते पँटीत असत्यात."

"शरीर म्हणजे दुकानाची काच नव्हे. छातीला काम दिलंत तर पाठीला द्या, पायांना द्या. वजन हलकं घ्या, सावकाश उचला. वर नेताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. आणि मधे एक दिवस विश्रांती. अंग भरतं ते झोपेत."

"झोपेतच भरतंय तर हितं कशाला येऊ?"

सर चष्मा पुसत.

एवढ्यात पोलीस भरती निघाली. आण्णांनी, म्हणजे बाळासोच्या वडिलांनी, बजावलं होतं, "औंदा पोलिसात लागलास तर लागलास. न्हाईतर पुस्तकं ठेव आन् म्हशीच्या मागं लाग." बाळासोला म्हशींचं वावडं नव्हतं; पण म्हशी छातीकडं बघत नाहीत, हे दुःख होतं.

भरतीला आठवडा उरला तेव्हा सरांनी टेप काढली. छाती आधी साधी मोजतात, मग फुगवून. दोन्हींत दोन इंचांचा फरक लागतो.

"श्वास सोडा."

"सोडलाय की."

"कधी?"

बाळासो विचारात पडला. फुगवून छाती जेवढी भरली तेवढीच साधीही भरली, कारण ती साधी कधी नव्हतीच.

"चौगुले," सर हताशपणे म्हणाले, "छाती नाही म्हणून नापास झालेले पाहिलेत मी. तुम्ही छातीमुळं होणार."

त्यांनी त्याला सतरंजीवर झोपवलं, पोटावर त्याचीच चप्पल ठेवली आणि श्वासाबरोबर ती वर-खाली करायला लावली. घरी आईनं चुलीपुढं फुंकणी हातात दिली. "फुक. प्वाटातला समदा वारा संपवस्तोवर फुक." आठवडाभर चूल अशी पेटली की भाकऱ्या करपू लागल्या. छाती खाली जायला शिकली, पण एकांतात. दारात माणूस दिसला की टुणकन वर.

भरतीच्या दिवशी मैदानाच्या कुंपणाला निम्मं कळंबं लटकलं होतं. जमादारानं टेप लावली. "साधी ठेव."

बाळासोनं डोळे मिटले आणि छाती सोडली. खांदे उतरले, बनियन सैल पडलं. कुंपणावरून दोस्त पिराजी ओरडला, "आरं बाळ्या, पंक्चर झालास का काय!"

सगळं मैदान हसलं. छाती आतून उसळी मारू लागली. कान तापले. बार उचलणं याच्यापुढं काहीच नव्हतं. तरी तो तसाच, रिकाम्या पोत्यासारखा, उभा राहिला.

"फुगव!"

तो भरत गेला. जमादारानं टेप पाहिली, मान हलवली आणि पुढच्याला ओढलं. धावण्यात बाळासो मागून तिसरा आला. पायांनी आपला राग काढला. पण निभावलं.

संध्याकाळी आण्णा गोठ्यात आले.

"घेतलं?"

"घेतलं."

"मग असा खांदं पाडून का बसलायस?"

"बरं वाटतंय, आण्णा."

आण्णा गावात कायम ताठ चालणारा माणूस. त्यांनी दाराकडं पाहिलं. म्हशींखेरीज कोणी नव्हतं. मग ते लेकाशेजारी बसले आणि त्यांनीही हळूच आपली छाती खाली सोडली.