रबराचा वळ

"रविवार, ९ मार्च. सकाळी निळ्या झग्याच्या दोन्ही बाह्या उसवून पुन्हा बसवल्या. मुलाचा फोन, चार मिनिटं. वरच्या शेजारणीने लिंबं दिली, पाच. चार वाजता भट्टीचा फोटो. उजवा दंड साडेपंधरा इंच, डावा सव्वाचौदा. उजव्या दंडावर बाहीच्या रबराचा वळ."

शेवटच्या वाक्याला पूर्णविराम दिला, तरी शिवणबाईंनी पेनाचं टोपण लावलं नाही. एरवी त्यांचा हात असा अडत नसे. शाळेत सिस्टरने रोज एक पान लिहायला लावलं तेव्हाच बजावलं होतं, "घडलं ते लिही. तुला काय वाटलं, ते देवाला सांग." बाई आता बहात्तर वर्षांच्या होत्या. सिस्टरला जाऊन जमाना झाला, देवाशी बोलणंही हळूहळू कमी झालं, पण नियम मोडला नव्हता. कपाटात अठ्ठावन्न वह्या उभ्या होत्या, प्रत्येकीला त्या त्या वर्षी उरलेल्या कापडाचं कव्हर.

भट्टी म्हणजे कोण, हे बाईंच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. फोनवरच्या एका गटात ती होती. गटाचं नाव 'पोलादी बाया'. कमावलेल्या शरीराच्या बायकांचं कौतुक करणारी चारएकशे माणसं त्यात होती: ट्रकवाले, कारकून, एक दातांचा डॉक्टर, थोड्या बायका. आणि ज्यांचं कौतुक व्हायचं त्या सात-आठ जणीही. खरं नाव कुणीच सांगत नसे.

बाई तिथे पोचल्या त्या एका गिऱ्हाइकामुळे. चाळीस वर्षं आरशापुढे उभ्या राहिलेल्या बायकांनी त्यांना एकच विचारलं होतं, "बाई, दंड जाड दिसतोय का हो?" आणि चाळीस वर्षं बाई कापडाने दंड झाकत आल्या होत्या. मग एक दिवस पोहायला शिकवणारी एक बाई आली आणि म्हणाली, "बाही अशी बेता की दंड दिसला पाहिजे." बाईंनी चष्मा पुसून तिच्याकडे पुन्हा पाहिलं. आकार नीट कळावा म्हणून तिनेच त्यांना गटात घातलं. ती पुढे दुसऱ्या गावी गेली. बाई गटात राहिल्या.

दर रविवारी चार वाजता एकीचा फोटो येई. सगळ्यांनी दंडाचं माप ओळखायचं. अर्ध्या तासाने ती स्वतः टेप लावून दुसरा फोटो टाकायची. नियम तीन. दंडाबद्दल बोला, बाईबद्दल नको. खोट काढायची नाही. आणि या बायकांना खाजगीत लिहायचं नाही. गट चालवणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत. तो नियमाचा इतका पक्का की चूक झालेल्याचं ऐकूनही घेत नसे, सरळ बाहेर.

बाई फक्त आकडा लिहीत. पाव इंचाचाही फरक पडत नसे. महिनाभरात त्यांचं नाव पडलं टेप. बाई आहे की बुवा, कुणी विचारलं नाही. आपोआपच टेपदादा झालं. "टेपदादा आल्याशिवाय सुरू करू नका रे!" असं कुणीतरी लिही, आणि बाई इस्त्री आडवी टाकून धावत येत. एकदा लोहार नावाच्या माणसाने विचारलं, "दादा, तुमच्या डोळ्यात टेप आहे की टेपेला डोळा आहे?" बाई मोठ्याने हसल्या. रिकाम्या खोलीत स्वतःचंच हसू ऐकून दचकल्या.

भट्टी पावाच्या कारखान्यात कामाला होती. पिठाची पोती भट्टीपर्यंत वाहून वाहून दंड झालेला, आणि वर व्यायाम. वहीत तिची अकरा रविवारांची मापं होती. दर वेळी सुताएवढी वाढ, ती पण मेहनतीची. आज मात्र उजव्याने एकदम सव्वा इंच उडी मारली होती.

गटात जत्रा भरली. "उजव्याने डाव्याला मागे टाकलं, डाव्याने आता रजेवर जावं!" "खांद्यावरच्या निळ्या नसा बघा, नकाशा काढलाय नकाशा!" भट्टीने लिहिलं, "कालपासून जरा जड वाटतोय. ठणकतोय पण." त्यावर लोहार म्हणाला, "जड वाटणारच, सोनं आहे ते!"

बाई सोनं पाहत नव्हत्या. त्या वळ पाहत होत्या. कारखान्याच्या झग्याच्या बाहीला रबर असतं. ते दंडावर रुतणारच. पण कसलेल्या अंगावर असा वळ टिकत नाही, बाही काढली की थोड्या वेळात विरतो. अर्ध्या तासाने टेप लावलेल्या फोटोतही वळ तसाच होता, ओल्या मातीत सुतळी दाबावी तसा. आणि स्नायू एकाच हातावर असा एकदम सव्वा इंच वाढत नाही. सूज वाढते.

त्या उठल्या आणि तपकिरी चौकड्यांची वही काढली, सहा वर्षांपूर्वीची. पान शोधावं लागलं नाही. "१७ ऑगस्ट. ह्यांच्या डाव्या पोटरीवर मोज्याचा वळ. झोपेपर्यंत गेला नाही. तेल लावून दिलं." पुढे दहा दिवस भाजी, गिऱ्हाइकं, पाहुणे. मग अठ्ठावीस ऑगस्ट, आणि त्या पानावर नुसती वेळ. पायातली गुठळी छातीत गेली, असं डॉक्टर म्हणाले. "आधी काही दिसलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "नाही." ते "नाही" कुठल्याच वहीत नव्हतं.

त्यांनी आधी मुकादमाला लिहिलं. "भट्टीचा उजवा हात सुजला आहे. तिला डॉक्टरकडे जायला सांगा."

"टेपदादा, सूज नाही हो ती. कमाई आहे."

"रबराचा वळ गेलेला नाही."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. शिवणकाम."

"मग बाही शिवा ना. पोरीचा आनंदाचा दिवस आहे, मिठाचा खडा टाकू नका. आणि नियम माहीत आहे तुम्हाला."

नियम माहीत होता. बाईंनी ओट्यावरची लिंबं धुतली, पुसली, पुन्हा ठेवली. आठवड्याच्या एवढ्या तासांतला एकच तास असा होता की कुणीतरी त्यांची वाट पाहायचं. तो गेला की उरणार मुलाची चार मिनिटं. त्यातलंही एक हवापाण्याच्या चौकशीचं.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि एका बोटाने, सावकाश, सगळ्यांसमोर लिहिलं. "भट्टी, दंड वाढलेला नाही, सुजला आहे. रबराचा वळ बघ. आजच डॉक्टरला दाखव. उद्यावर टाकू नकोस."

"दादांची टेप आटली!" कुणीतरी म्हणालं. "दादा, पोटात दुखतंय का?" दुसरा म्हणाला. भट्टीनेही हसणारा चेहरा टाकला. पाचव्या मिनिटाला पडद्यावर आलं की त्या आता या गटात नाहीत.

भट्टीचा नंबर त्यांनी वहीत उतरवून ठेवला होता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी फोन केला. बंद. गुरुवारी केला नाही. पोरगी चिडली असेल, किंवा मग दुसरं काही. दुसरं काय, ते त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

"रविवार, १६ मार्च. चार वाजता काही नाही." न घडलेली गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिली. पुढच्या रविवारीही तेच. त्या दिवशी चार वाजता हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी बटणांचा डबा पालथा घातला, रंगवार लावला आणि पाच वाजता परत एकत्र केला.

जिन्यात वरची शेजारीण भेटली. "काय हो बाई, हल्ली रविवारी तुमच्याकडून हसू येत नाही? मी म्हटलं, पाहुणे गेले वाटतं."

"फोन बिघडलाय."

"मग टाका दुरुस्तीला."

"त्याचे भाग मिळत नाहीत आता," बाई म्हणाल्या आणि किल्ली शोधू लागल्या. किल्ली हातातच होती.

तीन एप्रिलला, गुरुवारी दुपारी, त्या काज करत असताना फोन वाजला.

"टेपदादा?"

बाईंनी सुई पालथ्या बाजूला टोचून ठेवली. "हो. म्हणजे, दादा नाही. बोल."

"अगं बाई! तुम्ही... किती वय तुमचं?"

"बहात्तर."

"इंच?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता पलीकडची पोरगी रडायलाच लागली.

"मीपण हसले होते त्या दिवशी," भट्टी म्हणाली. "मग आंघोळीला गेले, तर वळ तसाच. वहिनीला दाखवला. तिने ओढतच नेलं. खांद्याखालच्या शिरेत गुठळी होती. नऊ दिवस दवाखान्यात होते, फोन घरीच. मग आल्यावरही काही सुचेना."

"आता कशी आहेस?"

"पावणेतेरा." तिच्या मागे कारखान्याचा आवाज येत होता. "सहा महिने काही उचलायचं नाही. मला काउंटरवर बसवलंय, पाव मोजते. गट मीच सोडला. मुकादम म्हणाला, बरी झालीस की ये. बरी म्हणजे त्याच्या हिशेबाने पंधरा."

"हं."

"खरं सांगू? तुमचा राग येतो मला. कळतंय सगळं, तरी येतो."

"येऊ दे की."

"तुम्हाला कळलं कसं पण? चारशे जण बघत होते."

बाईंनी काजाच्या अर्ध्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या घरात एकदा असाच वळ दिसला होता. माझ्या नवऱ्याच्या पायावर. मी नुसता लिहून ठेवला."

पलीकडे मागून कुणीतरी भट्टीला हाक मारली.

"गिऱ्हाईक आलंय. ठेवते हं."

पुन्हा फोन करीन, असं ती म्हणाली नाही. बाईंनीही विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी तपकिरी चौकड्यांची वही उघडली. अठ्ठावीस ऑगस्टच्या पानावर, वेळेखाली, सहा वर्षांनी एक ओळ घातली. "डॉक्टरांनी विचारलं, आधी काही दिसलं होतं का. मी नाही म्हटलं. दिसलं होतं." घडलेलंच होतं ते. शाई नवी असल्यामुळे ओळ उठून दिसत होती. वाळेपर्यंत त्यांनी पान उघडंच ठेवलं.

मग आजची वही ओढली.

"गुरुवार, ३ एप्रिल. सहा काज. दुपारी भट्टीचा फोन, नऊ मिनिटं. उजवा दंड पावणेतेरा. मोरीचा नळ गळतो आहे. खाली बादली ठेवली."