दर्भाचा कावळा

मैनाकाकी आमची खांब गावची शेजारीण. गावात तिच्याइतकी कमी बोलणारी बाई नाही, म्हणून तर लोकांचं फावलं.

तिचा नवरा विठूकाका धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून मोटारसायकलवर घरी येत होता. ट्रकनं उडवला. पनवेलकडच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदू संपलाय; मूत्रपिंडं, यकृत दुसऱ्यांना देता येतील, घरच्यांनी ठरवा. घरचे म्हणजे थोरला दीर पुंडलिक. तो मिठाची गुळणी धरून बसला आणि चहाच्या निमित्तानं सटकला. काकीला मूलबाळ नाही. सोबत मी होते, मला ती एवढंच म्हणाली, "लावणी आटपली की भाताची उरलेली रोपं हे कधी बांधावर सुकू द्यायचे नाय. ज्याला कमी पडली त्याच्या शेतावर नेऊन द्यायचे." आणि तिनं सही केली.

दहाव्याला रोह्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. विठूकाकाची इच्छा राहिली म्हणून सगळे हात जोडून काय काय कबूल करू लागले. मैनाला सांभाळू म्हणाले. आजवर कुणी सांभाळलं होतं? मग पुंडलिकला एकदम वाचा फुटली.

"अर्धा माणूस जाळला, कावळा शिवंल कसा? मैना, कानाला खडा लाव. बोल, या घरात परत असं व्हनार नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकी मात्र शांतपणे उठून पिंडापुढे उभी राहिली.

"मी गेले की माझं पन असंच द्यायचं. भावजी, माझ्या मागं ठरवनारे तुमीच. तुमी व्हय म्हना."

पुंडलिक नदीकडे बघत राहिला. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या. शेवटी त्यानं भटजींकडून दर्भाचा कावळा करून घेतला, पिंडाला टेकवला, आणि सगळे जेवायला पांगले. एक शब्द देण्यापेक्षा गवताचा कावळा सोपा पडला त्याला. असल्या माणसाला थोरला म्हणायची मला लाज वाटते.

काकी तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं खरा कावळा उतरला आणि पिंडाचा भात खाऊ लागला. मी सगळ्यांना हाक मारणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"नको गो. कावळ्याचं ऐकतील ते. माझं ऐकलं नाय."