खंडेनवमीचं लोखंड

"तुझे पाने तिकडं भिंतीकडं ठेव. पूजंच्या लोखंडाला इटाळ नको."

मालक रागाने बोलले नव्हते. झेंडूची माळ ओवता ओवता, मान वर न करता, पाणी मागावं तसं बोलले. त्या सहजपणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. कापूर, डिझेल, ओला झेंडू.

खंडेनवमी होती. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते मोटार-गॅरेज सकाळीच धुऊन काढलं होतं. धुतलं मीच होतं. सतरंजीवर जॅक, घण, पकडी, नट पिळायचे पाने ओळीने मांडले होते आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांची हत्यारंही त्या ओळीत होती. माझी पिशवी तेवढी मागच्या भिंतीशी, कचऱ्याच्या पिंपाजवळ.

"हिचा देव येगळा, हिचं लोखंड बी येगळं," एक मुलगा म्हणाला. सगळे हसले.

पूजा मला नकोच होती. धर्म बदलला तेव्हाच आमच्या घराने देव सोडले होते. पण लोखंडाने लोखंडाशेजारी असावं, इतकंच मला वाटत होतं.

गाड्या दुरुस्त करायला शिकणारी मी तिथे एकटीच मुलगी. शिकाऊ उमेदवार म्हणून सरकारने पाठवलेली. दुष्काळात माझ्या आईने याच रस्त्याची खडी फोडली होती. मी निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "रस्ता आपुन केलाय. त्याच्यावरची गाडी बी आपल्याला उमगाय पायजे."

वर्ष सरत आलं, गाडी उमगली नव्हती. मी अंगण झाडत असे, तेलकट चिंध्या धूत असे. चहाचे ग्लास मात्र नाही. त्यांना माझे हात चालत नसत. मिस्त्री बॉनेट उघडत, मुलं वाकत, आणि मी त्यांच्या पाठींच्या फटीतून पाहत राही. परीक्षेत इंजिन उघडून पुन्हा जोडून दाखवायचं होतं, आणि इंजिनात मी फक्त डोळ्यांनी शिरले होते. संध्याकाळी पाय ओढत घरी जाई. न केलेल्या कामाचाही शीण असतो, तो झोपेने उतरत नाही.

त्या दुपारी एक मुकादम धावत आला. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं भरलेला त्याचा ट्रक पिंगळीजवळ बंद पडला होता. गॅरेजात सगळे सतरंजीवरच्या ओळीकडे पाहू लागले. पूजेतल्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो.

मालकांची नजर फिरत फिरत मागच्या भिंतीपाशी थांबली.

"हिचे पाने हायत की. मिस्त्री, ते घेऊन जा. लोखंडाला कसला आलाय इटाळ."

सकाळी होता. दुपारी फिटला.

मिस्त्री पिशवीकडे वाकले. त्यांच्याआधी मी ती उचलली. तिचे बंद मुठीत घट्ट धरले.

"पाने मिळणार न्हाईत, मालक. काम असंल तर मी जाते."

मिस्त्री म्हणाले, हिला काय येतंय. मालक आधी ओरडले, मग आवाज मऊ केला. "लेकरं उन्हात बसल्यात, पोरी. तुमचीच माणसं हायत ती."

हे लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मूठ जवळजवळ सुटली होती. मग कळलं, आमची माणसं यांना आजच, याच घटकेला आठवली आहेत.

"माझीच हायत. म्हणून मीच जाते."

मुकादम वैतागला. "कुणाचा बी हात असू द्या, मला गाडी चालू पायजे. चला, बाई."

मिस्त्री सोबत आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. साधीच गोष्ट, फटीतून कितीदा पाहिलेली. तरी पाना निसटला, बोटांची सालटी निघाली. नट सैल केला, हातपंप दाबत राहिले. आधी हवेचा फेस आला, पुष्कळ वेळ नुसता फेस. मग डिझेलची सलग, थंड धार मनगटावर आली. नट आवळला, आणि इंजिन धडधडत सुरू झालं.

ट्रकच्या फळीवरून एका बाईने विचारलं, "तुला कुणी शिकिवलं गं?"

मी पाना पुसून पिशवीत टाकला. तेवढंच तर कुणी केलं नव्हतं.

परतले तेव्हा ऊन कललं होतं. काही बदललं नव्हतं. मालकांनी विचारलं, झालं का, आणि लगेच म्हणाले, "आता अंगण झाडून घे. उद्या दसरा हाय."

मी फार थकले होते. भांडायचंही त्राण नव्हतं. म्हणूनच कदाचित शब्द सरळ आले.

"झाडणार न्हाई. मला हितं शिकायला पाठवलंय. दसरा झाला की जी पहिली गाडी येईल, तिचं इंजिन मी उघडणार."

"आन् न्हाई उघडू दिलं तर?"

"तरी बी उघडणार. हात धरून भाईर काढावं लागंल, मालक. रोज काढावं लागंल. मी रोज येणार."