काट्याच्या नोटमधली एक ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकते, त्या मंडळींना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच कामून सांगतेय? कोण जाणे. एकदाचं बोलून टाकावं म्हणते.

मी गेवराईची. घरी बसून प्रोग्रॅमिंग करते — दुकानांची बिलं, शाळांचे दाखले, असली कामं. जिल्ह्यात माझ्यासारखे बरेच आहेत, कुणी तलवाड्यात, कुणी नेकनूरला, आणि आम्हा सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. कुणाला काही जमलं की त्यानं तो कोडचा तुकडा तिथं टाकायचा, खाली चार ओळींची नोट. ज्याचं अडेल त्यानं तिथूनच उचलायचं. लई गुणाची माणसं. आणि त्यात सगळ्यात गुणाची कोण म्हणाल, तर ताई. म्हणजे मी! हसू नका, खरंच तसं म्हणतात.

आता या ताईंच्या नोट्सची एक गंमत होती. काम होता होता नेमकं अडायचं, आणि माझा फोन वाजायचा. 'ताई, चालंना हो!' मी दोन मिनिटं ऐकल्यासारखं करायचे, अमुक ओळ टाका म्हणायचे, आणि पलीकडून 'वा ताई!' काय सांगू, कान कसे सुखावायचे! सासूबाईंना आधी वाटायचं, सून कॉम्प्युटरवर खेळत बसते. पण दिवसातून चार-चार परगावची माणसं सल्ला विचारायला लागली, तशा त्या स्वतः माझ्यापुढं चहा आणून ठेवायला लागल्या. सासूच्या हातचा आयता चहा — कुणाला नको असेल?

तर तो फोन वाजत राहावा म्हणून — थांबा, जरा पाणी पिते.

प्रत्येक नोटमधली एक ओळ मी काढून टाकायचे. मुद्दाम. अख्खा कोड लिहायचा, चालवून बघायचा, आणि ग्रुपवर टाकायच्या आधी एक ओळ गुपचूप उडवायची. लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस पोटात ठेवणाऱ्या बायका असतात ना? मी त्यातली.

यात कुणाचं काय बिघडलं, असं म्हणाल. मीही तेच म्हणायचे, इरफानभाईंचं काम बिघडेपर्यंत.

इरफानभाई नेकनूरचे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळून कोड शिकलेले, दोन लेकरांचे बाप. त्यांना पहिलं काम मिळालं ते सख्ख्या मामूंचं. मामूंची बीडला मोसंबीची आडत. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन वायरीतून थेट कॉम्प्युटरवर यावं, एवढंच करायचं होतं. त्यांनी माझी काट्याची नोट उचलली. तिच्यातून मी गाळलेली ओळ होती मागचं वजन पुसण्याची. ती नसली तर पहिलं वजन बरोबर येतं, पण नंतर काहीही ठेवा, पडद्यावर आधीचंच वजन. घरी एकच पिशवी ठेवून तपासणाऱ्याला हे कळणार कसं?

आडतीवर दुसरं क्रेट चकलांब्याच्या एका शेतकऱ्याचं होतं. क्रेट काठोकाठ भरलेलं, आणि पडद्यावर आधीच्या अर्ध्या क्रेटाचं वजन. त्यानं भर बाजारात आवाज चढवला, 'काट्यात खोट हाय!' आडत्याला याहून मोठी शिवी नाही. मामूंनी सगळ्यांसमोर वायर उपटली. भाच्याला म्हणाले, 'तू मोबाइलच उघड बे.'

त्याच वेळी इकडं माझा फोन वाजत होता. एकदा, दोनदा, सात वेळा. नाव दिसत होतं मला. पण नणंदेच्या सासरचे पाहुणे समोर बसलेले, आणि सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, हिला बघा सारखे फोन येतात. मी तो वाजू दिला. ऐकायला बरं वाटत होतं.

संध्याकाळी मी उलट फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं, आणि वर म्हणतात कसे — 'माझंच कायतरी चुकलं असंल ताई.' मी म्हणाले, 'हो, नीट बघा.' नीट बघा! लाज वाटायला पाहिजे होती ना मला?

त्यांनी नीट बघितलं. आठ दिवस बघितलं आणि ती ओळ शोधून काढली. पण मामूंनी वायर पुन्हा जोडू दिली नाही, आणि बाजारात दुसऱ्या कुणी काम दिलं नाही. इरफानभाई आजही मोबाइलच उघडतात. ग्रुपवर कुणाचं अडलं की मात्र सगळ्यात आधी तेच धावून येतात.

माझी काट्याची नोट त्यांनी नव्यानं, पुरती लिहून ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'ताईंची नोट'. खाली ती ओळ, आणि कंसात — 'ही ओळ ताईंकडून घाईत राहिली असंल.'

मी त्याखाली जोडलेले हात टाकले. अजून कुणाला काही बोलले नाही.

आता नोट्स पुऱ्या लिहिते. फोन फारसा वाजत नाही, चहा माझा मीच करते. ती नोट अजून फिरते, नवे लोक तीच वापरतात, त्या कंसासकट.

घाई नव्हती. मी सगळा कोड दोनदा वाचला, कुठली ओळ काढली तर लगेच कळणार नाही ते ठरवलं, आणि मग ती काढली.