लॅबच्या खिडकीत सांगितलेलं नाव

"तुमची लघवी गरोदरपणाच्या तपासणीला पाठवायची आहे," डॉक्टर म्हणाले. मी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये मशीनवर काम करणारा, चांगला मिशीवाला माणूस. वाटलं, चेष्टाच करताहेत.

एक्स-रेत छातीच्या मधल्या हाडामागे पांढरी सावली आली होती. धाप लागायची, सकाळी तोंड सुजायचं. शिवाय माझी छाती बायकांसारखी भरली होती. ती मी लाजेपोटी कित्येक महिने दोन-दोन बनियनांखाली झाकली. डॉक्टरांना शंका होती जर्म सेल ट्यूमरची. जर्म म्हणजे इथे जंतू नव्हे, बीज. आईच्या पोटात असताना काही बीजपेशी वाट चुकून छातीतच राहतात आणि पुढे क्वचित कुणाला त्यांची गाठ होते. गरोदर बाईच्या लघवीत जे सापडतं, तेच ही गाठ कधी कधी तयार करते.

लॅबच्या खिडकीत बाईंनी नाव विचारलं. मागे प्रेसमधलेच दोघं उभे होते. मी म्हणालो, "सुशीला. आमच्या मिसेस."

निकालाला सोबत आई आली. बाई हसून म्हणाल्या, "पॉझिटिव्ह आहे, पेढे आणा."

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमच्याकडे पाळणा हलला नव्हता. आईनं वाटेतच चिंचा घेतल्या आणि घरी येऊन सुशीलाच्या हातावर ठेवल्या. "आता जड उचलायचं नाय," म्हणाली.

सुशीलानं त्या पदरात घेतल्या. मग सगळं सांगावंच लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, "बायकोचं नाव सांगून तुझी गाठ जाईल का रं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं नमुना दिला. पॉझिटिव्ह. मुंबईला गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सेमिनोमा निघाला. "यातल्या त्यात बरी जात. शेकानं विरघळते," तिथले डॉक्टर म्हणाले. शेक म्हणजे किरणांचे उपचार. गाठ खरंच विरघळली. माझ्यासारखं कुणाला झालं, तर त्यानं डॉक्टरांपुढे आधी बनियन काढावा.

पुढे तपासणी पुन्हा झाली. खिडकीत माझं नाव मोठ्यानं सांगितलं. निगेटिव्ह. दिवस राहिले नाहीत म्हणून आईनं आख्ख्या चाळीत पेढे वाटले.

सुशीलानं अर्धा पेढा खाल्ला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "त्या वेळी माझीही पाळी लांबली होती," ती म्हणाली. "तुम्ही सांगेपर्यंत मला खरंच वाटलं होतं."